बर्मा आणि बास्क एकाच टेबलावर, १२०० रुपये माणशी: खाऊसे झकास, पण तो कागद गुंडाळून ठेवा

आधीच सांगतो, कॅफेचं नाव टाकणार नाहीये. मालक पोरगा तरुण आहे, धंदा नवीन आहे, उगाच कोणाच्या पोटावर पाय कशाला. गंगापूर रोडला आहे एवढं पुरे. आणि वाईट बोलायचं म्हणून लिहीत नाहीये, जेवण चांगलंच होतं, पण एका कागदावरून माझं डोकं सटकलं आणि चार दिवस झाले तरी जागेवर आलेलं नाही, म्हणून हे एवढं मोठं.

तर झालं असं की बायकोच्या मोबाईलवर जाहिरात आली, शनिवारी रात्री आठ वाजता थीम डिनर, बर्मा आणि बास्क, दोन देश सोडून गेलेल्या लोकांचं जेवण एकाच टेबलावर, सोबत छोटंसं प्रेझेंटेशन, माणशी १२०० अधिक जीएसटी. बास्क म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातले लोक. मी म्हणलं बाराशेत अख्खं घर मिसळ खाऊन वर द्राक्षाची पेटी घेऊन येईल. पण रत्नागिरीची मावशी आलेली होती आठवडाभर, तिला कुठंतरी न्यायचंच होतं, आणि ती म्हणली बर्मा म्हणजे आमच्या थिबा राजाचा ना, चल की मग. संपला विषय. तिघांचे पैसे भरले.

पार्किंगचं विचारू नका. दोन गल्ल्या सोडून गाडी लावली, मावशीचे गुडघे, बायकोचं तोंड, सगळं एकदम.

आत गेल्यावर पहिली गोष्ट चांगली दिसली ती म्हणजे एकच लांब टेबल, अनोळखी लोक शेजारी शेजारी. हे बास्क लोकांचं खरं आहे, उगाच स्टाईल नाही. अमेरिकेत नेवाडा, आयडाहो, कॅलिफोर्निया इकडं जे बास्क गेले ते बरेचसे मेंढ्या राखायला गेले, आणि गावात आले की बास्क माणसानंच चालवलेल्या खानावळवजा हॉटेलात उतरायचे. तिथं असंच लांब टेबल, सूपाचं भांडं मधे, बीन्स, सॅलड, मटणाचा रस्सा, ज्याला जे लागेल ते ओढून घ्यायचं. थोडक्यात पंगत. ती हॉटेलवाली बाई म्हणजे निम्मी बँक, निम्मं पोस्ट ऑफिस, आजारपणात नर्स आणि लग्न जुळवणारी पण तीच. नेवाडातल्या एल्को गावात १९१० सालचं स्टार हॉटेल अजून त्याच प्रकारात जेवायला घालतं.

पण आमच्या कॅफेवाल्यानं टेबल तेवढं उचललं आणि पंगत विसरला. प्रत्येकाला मोजून एवढीशी वाटी. मधे भांडं नाही, परत वाढणं नाही. समोरच्या काकांनी दुसऱ्यांदा सूप मागितलं तर वेटर म्हणाला सर पोर्शन फिक्स आहे. लांब टेबलावर बसवून फिक्स पोर्शन, म्हणजे मांडवात बसवून डबा हातात देण्यासारखं झालं.

आता खाऊसे. हे मात्र दहा पैकी नऊ. पिवळसर दाट रस्सा, नारळाच्या दुधाचा, त्याला बेसन लावलेलं, खाली मऊ नूडल्स, वर उकडलेलं अंडं, तळलेला कांदा, तळलेल्या नूडल्सचा चुरा, लिंबाची फोड आणि लाल मिरचीचा तेलातला ठेचा वेगळ्या वाटीत. पहिला चमचा नुसता खा, मग लिंबू पिळा, मग मिरची, तीन वेगळ्या चवी लागतात. मावशीनं दोन घास खाल्ले, डोळे बारीक केले आणि म्हणली, "अरे, हे आपले रस शिरवाळेच की. गूळ काढलान नि कोंबडी घातलान." मी हसलो पण ती चूक नाहीये. शेवया आणि नारळाचा रस, समुद्राच्या या काठाला गोड आणि त्या काठाला तिखट. शनिवार म्हणून बायकोनं व्हेज घेतलं, त्यात कोंबडीच्या जागी चार मशरूम, पैसे तेवढेच. असो.

बर्मी चहाच्या पानांचं सॅलड पण होतं. मुरवलेली चहाची पानं, शेंगदाणे, तीळ, तळलेल्या डाळी, लसूण. मला आवडलं, कडवट तुरट, कुरकुरीत. मावशीनं बाजूला सारलं, म्हणली चहा प्यायचा असतो. बास्क बाजूनं काडीला टोचलेलं ऑलिव्ह, मिरची आणि खारवलेला छोटा मासा, हे एका घासात संपलं. मग ट्यूना बटाट्याचा रस्सा, ठीकठाक, मीठ कमी.

आणि मग वेटरनं ते कागद वाटले. आणि माझी रात्र तिथंच फिरली.

मोठा जाड कागद, दोन रकाने, डावीकडं बर्मी, उजवीकडं बास्क. वर मथळा असा की दोघेही घर सोडून अमेरिकेला गेले, मग एक श्रीमंत आणि एक गरीब का. बर्मीच्या रकान्यात आकडे, की २०१५ साली अमेरिकेतल्या बर्मी घरांचं मधलं वार्षिक उत्पन्न ३६ हजार डॉलर, ३५ टक्के लोक गरिबीरेषेखाली, सगळ्या आशियाई गटांमध्ये सगळ्यात वाईट. आकडे खरे आहेत, प्यू रिसर्च या अमेरिकन अभ्यास संस्थेचे आहेत, मी घरी येऊन ताडून बघितले. बास्कच्या रकान्यात काय? उत्पन्नाचा आकडाच नाही! तिथं नावं. पॉल लॅक्सॉल्ट, नेवाडाचा गव्हर्नर आणि नंतर सिनेटर. पीट सेनारुसा, १९६७ ते २००३ आयडाहोचा सेक्रेटरी ऑफ स्टेट. डेव्ह बीटर, २००४ ते २०२० बॉयझी शहराचा महापौर. आणि खाली निष्कर्ष, बास्क लोकांची मेहनत आणि एकी.

मी पतसंस्थेत कर्ज विभागाला आहे, अठरा वर्षं झाली. माझ्यासमोर अशी फाईल आली ना, की एका अर्जदाराचा पगाराचा दाखला आणि दुसऱ्याच्या फाईलमध्ये पगाराचा दाखलाच नाही, नुसती तीन पुढाऱ्यांची नावं जामीनदार म्हणून, तर मी ती फाईल शिपायाबरोबर परत पाठवतो. अख्ख्या समाजाची सरासरी एका बाजूला आणि दुसऱ्या समाजातले निवडक तिघे दुसऱ्या बाजूला, ही तुलना आहे का?

आणि तारीख बघा की. बॅलन्सशीटवर पहिल्यांदा काय बघतात, तारीख बघतात. बास्क लोक अमेरिकेच्या पश्चिमेला आले १८४९ च्या कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीनंतर, कितीतरी जण आधी दक्षिण अमेरिकेत जाऊन मग तिकडं सरकलेले. म्हणजे पाच पिढ्या. बर्मी निर्वासित मोठ्या संख्येनं आले ते २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यातले कारेन, चिन (चीनचे नव्हे, ह्या बर्मातल्याच जमाती) असे बरेच जण थायलंड नाहीतर मलेशियात वर्षानुवर्षं काढून आलेले, काही पोरांचा जन्मच छावणीतला, शाळा छावणीतली, आणि विमानातून उतरल्यावर काम मिळालं ते मांसाच्या कारखान्यात थंडगार हॉलमध्ये सुरी चालवायचं. इंडियाना राज्यात फोर्ट वेन आणि इंडियानापोलिस, मिनेसोटात सेंट पॉल, इथं त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. ह्यांची २०१५ सालची कमाई म्हणजे धंदा सुरू केल्यानंतर सात आठ वर्षांची कमाई झाली. आणि त्याच प्यूच्या २०१९ च्या आकड्यात तेच मधलं उत्पन्न सुमारे ४४ हजारावर गेलेलं आहे. अजूनही आशियाई लोकांत तळालाच, आपले भारतीय तेव्हा १ लाख १९ हजारावर होते, पण रेष वर चाललीये ना. तो आकडा कागदावर का नाही? कारण मथळ्याला बसत नाही.

प्रेझेंटेशन करणाऱ्या मुलाला मी हात वर करून विचारलं की बास्क लोक पहिल्या सात आठ वर्षांत कुठं होते ते सांगा. तो म्हणाला सर क्वेश्चन आन्सर डेझर्टनंतर. बायकोनं टेबलाखालून पाय मारला.

बरं, मीच सांगतो कुठं होते. डोंगरात होते. एकटे. हजार दीड हजार मेंढ्या, एक दोन कुत्री, एक तंबू, आणि महिनोन्महिने माणूस दिसायचा नाही. वेळ जावा म्हणून अॅस्पेन झाडाच्या पांढऱ्या सालीवर चाकूनं नाव, गाव, साल, कधी बाईचं चित्र कोरून ठेवायचे, ती कोरलेली झाडं आता अभ्यासक शोधत फिरतात. गंमत म्हणजे यातले बरेचसे गावाकडं मेंढपाळ नव्हतेच, शेतकऱ्याची धाकटी पोरं, घर आणि जमीन एकाच वारसाला जाणार म्हणून बाकीचे बाहेर. भाषा येत नाही, मग जे काम बोलल्याशिवाय होतं ते धरलं.

पण इथं एक बारकी गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळी तुलना या एका गोष्टीवर फिरते. काही मालक पगार रोख द्यायच्या ऐवजी मेंढ्यांत द्यायचे. वर्षाच्या शेवटी इतक्या इतक्या मेंढ्या तुझ्या. त्या मालकाच्याच कळपात चरायच्या, पिल्लं द्यायच्या, आणि काही वर्षांत गड्याचा स्वतःचा कळप व्हायचा. चरायला जमीन? सरकारी, मोकळी, फुकट. १९३४ साली टेलर ग्रेझिंग अॅक्ट आला तोपर्यंत हे चाललं. त्यानंतर ज्याच्याकडं स्वतःची जमीन होती त्यालाच चराईचा परवाना, फिरस्त्यांचं संपलं, पण तोवर बऱ्याच जणांनी जमीन, हॉटेल, दुकान काहीतरी करून घेतलेलं होतं. म्हणजे मजुरी मिळाली ती वाढणाऱ्या मालात. मांसाच्या कारखान्यातला चिन पोरगा तासाच्या हिशोबानं डॉलर घेतो, त्याला कोणी पगारात कारखान्याचा तुकडा देत नाही. मेहनत दोघांची सारखीच, तो थंड हॉल काय आणि तो डोंगर काय.

सिन्नर, नांदगावकडचे धनगर बघा ना. निफाडपर्यंत मेंढ्यांचा वाडा घेऊन येतात, पीक निघालेल्या रानात रात्री मेंढ्या बसवतात, शेतकरी खताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. एकाकी राहण्यात, चालण्यात, लांडग्याच्या भीतीत ते बास्क मेंढपाळापेक्षा कुठं कमी आहेत? पण गायरान आटत चाललंय. माझ्याकडं मेंढ्यांवर कर्ज मागायला येतात, आणि आमचा नियम असा की तारण काय तर सातबारा आणा. फिरणाऱ्या माणसाकडं सातबारा कुठून येणार. हे लिहिताना मलाच जरा कसंतरी होतंय, पण नियम मी केलेला नाही.

आणि बास्कांचं पण सगळं सरळ गेलेलं नाही बरं का. तो लॅक्सॉल्ट घ्या. त्याचा बाप डॉमिनिक मेंढ्यांत पैसा कमावून बसलेला, १९२० च्या दशकात भाव कोसळले आणि सगळं गेलं, परत काठी घेऊन दुसऱ्याच्या मेंढ्यांमागं. घर धरून ठेवलं आईनं, कार्सन सिटीत छोटं हॉटेल चालवून. १९२४ च्या कायद्यानं अख्ख्या स्पेनला वर्षाला फक्त १३१ माणसांचा कोटा ठेवला होता. मग मेंढपाळ कमी पडायला लागले, मेंढीवाल्या मालकांनी आरडाओरडा केला, आणि नेवाडाचा सिनेटर मॅकॅरन पुढं होऊन १९५० पासून खास मेंढपाळांसाठी कायदे करून माणसं आत घेतली. म्हणजे दार बंद होतं, गरज पडल्यावर किलकिलं करून उघडलं. ह्यातलं अक्षर नाही कागदावर. फक्त मेहनत आणि एकी.

आणखी एक. २००० सालच्या जनगणनेत अमेरिकेत स्वतःला बास्क म्हणवणारे जेमतेम ५८ हजार. दीडशे वर्षांनी जो आवर्जून फॉर्मवर बास्क लिहितो तो बहुतेक घरी आजोबांचा फोटो लावणारा, बॉयझीला दर पाच वर्षांनी जुलैअखेर होणाऱ्या हाइआल्दी उत्सवाला जाणारा. जो कुठल्यातरी गावात दारू पिऊन एकटा मेला त्या मेंढपाळाचा नातू कुठाय रकान्यात? तो धरलाच जात नाही. आणि बर्मी म्हणलं तरी एक गठ्ठा नाहीच, १९६२ च्या लष्करी उठावानंतर आलेले शिकलेले चिनी बर्मी, अँग्लो बर्मी वेगळे, छावणीतून आलेले कारेन वेगळे. सगळ्यांची बेरीज करून एक सरासरी.

इथं मावशी बोलली. प्रेझेंटेशनमध्ये थिबाचा फोटो आला, शेवटचा राजा म्हणून, ३० सेकंदात पुढची स्लाईड. मावशी जोरात म्हणली, "अहो थांबा, हा आमच्याकडं होता." सगळं टेबल वळलं. आणि मग तिनं जे सांगितलं ते त्या १२०० मधलं सगळ्यात भारी.

१८८५ ला इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला उचललं आणि १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवलं. तीस वर्षं. राजवाडा बांधून झाला १९१० ला, आणि १९१६ ला तो तिथंच गेला. पुढं १९१९ ला कुटुंब बर्मात परत गेलं, पण थोरली राजकन्या रत्नागिरीला परत आली, कारण तिचं मन बसलेलं होतं राजवाड्याच्या नोकरांतल्याच एका सावंतांवर, आणि त्यांची मुलगी टूटू. राजाची नात. तिनं लग्न केलं मेकॅनिकशी, आयुष्य गरिबीत गेलं, बोलायची ती मराठी, आणि २००० साली वारली. मावशी लहान असताना आजीबरोबर बाजारात जायची तेव्हा आजी लांबून दाखवायची की ती बघ राजाची नात. "डोक्यावर पदर, हातात पिशवी," मावशी म्हणली, "आमच्यासारखीच. मासळीला घासाघीस करायची. मला वाटायचं राजाची नात म्हणजे निदान चप्पल तरी वेगळी असेल."

टेबलावर एकदम शांतता. मग समोरचे काका म्हणाले, बाई तुम्हीच प्रेझेंटेशन द्या.

सांगायचं म्हणजे स्थलांतर केलेल्या बर्मी माणसाची आर्थिक स्थिती बघायला अमेरिकेलाच जायला पाहिजे असं नाही, रत्नागिरीत तीन पिढ्यांत राजगादीपासून बाजारातल्या पिशवीपर्यंतचा हिशोब पडलाय. आणि आपल्या जिल्ह्यात तर उलटा नमुना. इगतपुरीचं धम्मगिरी कोणाचं? सत्यनारायण गोयंका, जन्म १९२४, मंडाले. मारवाडी व्यापारी घर, बर्मातच वाढलेले, तिथंच कारखाने, १९६२ नंतर राष्ट्रीयीकरणात धंदा गेला, १९६९ ला भारतात आले, १९७६ ला धम्मगिरी सुरू. तिथं दहा दिवस राहणं जेवण फुकट, दान द्यायचं असेल तर कोर्स झाल्यावर. संध्याकाळी नवीन माणसाला मुरमुरे, फळ आणि चहा. नाशिकच्या कॅफेत बर्माचा कार्यक्रम आणि इगतपुरीचा उल्लेख नाही, कमाल आहे राव.

त्या काळात तिकडून लाखो भारतीय परतले, चेन्नईत बर्मा बाजार त्यांच्यामुळंच उभा राहिला, खाऊसे पण आपल्याकडं बरंचसं ह्या लोकांच्या डब्यातूनच आलं. आता ह्या भारतीयांना तिथनं हाकललं का, तर त्यालाही कर्जाचीच गोष्ट आहे, माझ्या खात्यातली. चेट्टियार म्हणजे तमिळ सावकारांनी तिथल्या भातशेतकऱ्यांना जमिनीवर कर्जं दिली, १९३० च्या मंदीत भाताचे भाव पडले, हप्ते थकले, आणि १९३७ पर्यंत खालच्या बर्मातल्या मुख्य भात जिल्ह्यांमधली जवळजवळ चौथाई भातजमीन चेट्टियारांच्या नावावर. राग साचणारच. पुढं तो राग निघाला त्यात ज्यांनी कधी कोणाला चार आणे पण व्याजानं दिले नव्हते ते पण भरडले.

हे सगळं मी टेबलावर बोललो नाही, दोनच वाक्यं बोललो, बाकी घरी येताना गाडीत बोललो, बायको झोपलेली होती.

डेझर्ट. बास्क चीजकेक. वरून काळाकुट्ट करपवलेला, खाली बिस्किटाचा थर नाही, आतून थलथलीत. सान सेबास्तियानच्या ला विन्या नावाच्या बारमध्ये १९९० च्या आसपास सांतियागो रिवेरानं हा काढला, म्हणजे त्या मेंढपाळांनी हा कधी बापजन्मात बघितला नव्हता. आता जगभर बास्क म्हणलं की हाच. मावशीनं वरचा काळा थर सुरीनं खरवडून ताटलीच्या कडेला ठेवला, म्हणली खरवस चांगलाय पण ह्यांचं लक्ष नव्हतं, लागला. मी तिला सांगितलं की मुद्दाम लावतात. "मुद्दाम?" म्हणली, आणि वेटरकडं असं बघितलं की तो बिचारा पाणी घेऊन आला.

नेहमीच्या मेनूकार्डावर खाऊसेचा मोठा बाऊल २८० आणि चीजकेकचा त्रिकोणी तुकडा ३४०. बाऊलमध्ये पोट भरतं, तुकड्यात दाढ पण ओली होत नाही. नावाचे पैसे आहेत.

क्वेश्चन आन्सर झालंच नाही, उशीर झाला म्हणून. निघताना मालकाला कागदाबद्दल सांगितलं, त्यानं नीट ऐकून घेतलं, म्हणाला काका माहिती नेटवरून काढली, पुढच्या वेळी तुम्ही बघून द्या. पोरगा चांगलाय. बिलात मात्र पाण्याच्या बाटल्यांचे वेगळे १५० लागले होते आणि सर्व्हिस चार्ज पण, तो मी काढायला लावला, कटकट न करता काढला.

तर जायचं असेल तर थीम डिनरला जाऊ नका, साध्या वारी जा, दुपारी, पार्किंग मिळतं. खाऊसे घ्या, मिरचीची वाटी जास्तीची मागा, देतात. चहाच्या पानांचं सॅलड दोघांत एक. चीजकेक चौघांत एक. जेवणाला साडेचार स्टार, सर्व्हिसला तीन, त्या कागदाला एक, तो पण कागद जाड आहे म्हणून. मावशीनं तो घडी घालून पर्समध्ये टाकला. परवा बघितलं तर शिरवाळ्याचा साचा धुऊन त्याच्यावर वाळत घातलेला होता.